खऱ्या माणसाची साक्ष

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. कुणालाही विचारा; पिऊन आलेला माणूसही सांगेल, आणि वर जरा छाती फुगवून सांगेल. पन्नास वर्षं होत आली या कायद्याला. एवढ्या काळात लोकांनी पिणं काही सोडलं नाही, पण पिण्याविषयी बोलणं मात्र पार सोडून दिलं.

रोहण्याहून नदीकडे निघालं की एक गाव लागतं. नाव सांगत नाही. तिथं कुणी पीतच नाही, मग उगाच बदनामी कशाला? नदीवर पूल आहे आणि पुलापलीकडे अमरावती जिल्हा. तिथं परवान्याचं दुकान आहे, दुकानाला पाटी आहे, पाटीला दिवे आहेत. म्हणजे पुलाच्या अलीकडे जो गुन्हेगार, तोच पाच-सातशे पावलं चालला की गिऱ्हाईक. गावात कुणी 'प्यायला जातो' असं म्हणत नाही. 'जरा पुलापलीकडे जाऊन येतो' म्हणतात. बायकोनं 'कशाला' म्हणून विचारायचं नाही, आणि नवऱ्यानं विलायची चघळल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. याला तिथं संस्कार म्हणतात.

ही विलायची जायची बंडूजींच्या किराणा दुकानातून. बंडूजींचं नाव पंचक्रोशीत एकाच गोष्टीसाठी होतं: हा माणूस खोटं बोलत नाही. डाळ जुनी असेल तर 'जुनी आहे, शिजायला वेळ घेईल' असं स्वतःहून सांगायचे. बांधावरून भांडण झालं की दोन्हीकडचे लोक दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे आणि बंडूजी बोलले की उठून जायचे. 'बंडूजी म्हनते नं? मंग झालं.' मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना मात्र गावकरी त्या बाजूनं नेत नसत. पाहुण्यांनी चौकशी केली आणि बंडूजींनी खरं सांगितलं तर काय घ्या!

आता खरं बोलण्याची बंडूजींची पद्धत अगदी सोपी होती. ज्या गोष्टीबद्दल उद्या कुणी विचारेल, ती गोष्ट आज बघायचीच नाही. त्यांच्या दुकानात प्लास्टिकचे ग्लास आणि खारे शेंगदाणे खोक्यांनी खपायचे. कशाला हवेत, असं त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला कधी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून खोटं बोलायची पाळी आली नाही. अशी साठ वर्षं निभावली. मनातल्या मनात ते स्वतःला थोडे हरिश्चंद्राच्या नात्यातले समजत.

तीन वर्षांपूर्वी, मार्च संपता संपता, एका सकाळी हवालदार रूपराव दुकानात आले. रूपरावांचं म्हणणं असं की बंदीच्या जिल्ह्यात हवालदारानं महिन्याला चार केसेस दाखवल्याच पाहिजेत. नाही दाखवल्या तर साहेब विचारतो, 'काय हो, दारू संपली काय जिल्ह्यातली?' त्या महिन्यात एक केस कमी पडत होती. गावाच्या तोंडाशी श्रावणचं पंक्चरचं दुकान होतं, आणि दुकानामागच्या बेशरमाच्या झुडपात मोहाच्या दारूच्या दोन कॅन सापडल्या होत्या. त्या कुणाच्या, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण ज्याच्या होत्या त्याच्या घरी रूपराव आठवड्यापूर्वीच जावळाचं जेवून आले होते. जेवलेल्या घरच्या माणसाला धरणं बरं दिसत नाही. श्रावणकडे ते कधी जेवले नव्हते.

"बंडूजी, एक सही मारा," रूपराव कागद पुढं करत म्हणाले.

"कायची?"

"पंचाची. काही झंझट नाई. दुसरी गुलाबची झाली."

बंडूजी साखर जोखत होते. कागद कोराच होता. हवालदारानं सही मागावी आणि आपण नाही म्हणावं, म्हणजे दारात आलेल्या व्याह्याला पाणीही न विचारण्यासारखं. माणूस डूख धरतो. बंडूजींनी सही केली, रूपरावांना चहा पाजला आणि राहिलेली साखर जोखली. श्रावणच्या दुकानाकडे त्यांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. खोटं बोलायचं ते तोंडानं. सहीत कसलं आलंय खरं-खोटं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

मग तीन वर्षं काही झालं नाही, आणि यंदा दिवाळीनंतर कोर्टाचं समन्स आलं.

दारूच्या केसमध्ये पंचानं काय करायचं याचा त्या भागात एक रिवाज आहे. पंच कोर्टात उभा राहतो, ईश्वराची शपथ घेतो आणि सांगतो, 'मला काही माहीत नाही, पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली.' सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करतो आणि दोन प्रश्न विचारून मोकळा होतो. आरोपी सुटतो. नंतर आरोपी, पंच आणि हवालदार तिघंही कोर्टासमोरच्या एकाच टपरीवर चहा घेतात. कुणाच्या पोटात कुणाविषयी काही नसतं. कायद्याचा मान राहिला, शेजारधर्मही राहिला. तिथं खरं सांगणारा पंच म्हणजे पंगतीत पोटभर जेवून, हात धुताना 'भाजी खारट होती' म्हणणारा पाहुणा.

बंडूजींचं घोडं अडलं ते इथंच. सगळे पंच रिवाज म्हणून जे खोटं बोलत, ते त्यांच्या बाबतीत अक्षर न् अक्षर खरं होतं.

माजी सरपंच प्रभाकरराव रोज सकाळी दुकानातला पेपर फुकट वाचायला येत. त्यांनी विषय काढला. "बंडूजी, फिकर नोका करू. पलटी मारा आन् घरी या. आजवर कोनं नाई मारली?"

"पलटी कायले मारू? मी खरंच काही पाह्यलं नाई."

प्रभाकररावांनी मांडीवर थाप मारली. "वा! अस्संच बोला कोर्टात. चेहराही अस्साच ठेवजा."

"प्रभाकरराव, मी खरं सांगून राह्यलो."

"हाव नं बावा! मी कुठं नाई म्हनलं?" असं म्हणून त्यांनी डोळा मिचकावला आणि पेपरचं पान उलटलं.

दोन दिवसांनी श्रावणचा वकील विवेक मोटरसायकलवरून आला. पिपरी मेघेचा तरुण मुलगा, हुशार. बंडूजींनी त्यालाही सगळं सांगितलं: आपण दुकानातून हललोच नव्हतो, कॅन पाहिल्याच नाहीत. विवेकनं ते कौतुकानं ऐकून घेतलं. "काकाजी, फारच छान. एवढा पक्का पंच मी पाहिला नाही. फक्त आवाज थोडा कापरा काढा, म्हणजे अजून खरं वाटेल."

त्या दिवसापासून बंडूजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. आजवर ते बोलले की खरं व्हायचं. आता ते खरं बोलत होते आणि लोक डोळे मिचकावत होते. कोर्टातून बाहेर आल्यावर काय होणार हे त्यांना लख्ख दिसत होतं. टपरीवरचे लोक पाठीवर थापा मारतील. म्हणतील, 'बंडूजी, तुमीही आमच्यातलेच निंगले!' दुसरा पंच गुलाब, त्याच्या आणि त्यांच्या शब्दाची एकच किंमत होईल.

शेवटी त्यांनी बायकोपाशी मन मोकळं केलं. सुलोचनाबाई भाजी निवडत होत्या.

"तुमी पाह्यलं होतं काय?" त्यांनी विचारलं.

"नाई."

"मंग तसंच सांगा."

"लोक म्हनतीन, बंडूजी खोटं बोलला."

"पन तुमी तं खरंच बोललेले असान. मंग लोकायचं काय घेऊन बसले?"

"तुले नाई समजत."

"समजते सारं," सुलोचनाबाई देठ मोडत म्हणाल्या. "तुमाले खरं बोलाचं नाई हाय. तुमाले खरं बोलनारा म्हनवून घ्याचं हाय."

बायकोनं खरं सांगितलं की पुरुष जे करतो तेच बंडूजींनी केलं. चपला घालून ते दुकानात जाऊन बसले.

तिथं श्रावणची बायको नंदिनी उभी होती. कपड्याचा साबण घेतला तरी ती निघेना. बाकीची गिऱ्हाइकं गेल्यावर म्हणाली, "काकाजी, सारे म्हनते बंडूजींचे पाय धर, ते खोटं बोलले तं श्रावण सुटंन. मले तुमाले खोटं बोलाले नाई लावाचं. हे म्हनते, ते दारूचे डबे माये नोते. मंग तुमी खरं बोलले तरी हे सुटतेच नं?"

अख्ख्या गावात बंडूजींकडे खरं मागायला आलेलं हे पहिलं माणूस. त्यांना भरून आलं. "पोरी, मी आजवर खोटं बोललो नाई आन् बोलनारही नाई," ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांच्या मनात तसूभरही काळंबेरं नव्हतं. त्या क्षणी विचारलं असतं तर तिथल्या तिथं साक्ष देऊन मोकळे झाले असते.

पण साक्ष दुकानात होत नाही. ती तालुक्याच्या कोर्टात होते, आणि तिथं मागच्या बाकांवर लोक बसलेले असतात.

त्या दिवशी निम्मं गाव आलं होतं. प्रभाकरराव पहिल्याच बाकावर. आधी गुलाबला पुकारलं. धाड पडली तेव्हा हा गुलाब तिथं होता. कॅन त्यानंच उचलून पोलिसांच्या जीपमध्ये ठेवल्या होत्या. त्यानं ईश्वराची शपथ घेतली आणि पाढे म्हणावेत तसं एका दमात म्हटलं, "मले काही माहीत नाही पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली." न्यायाधीश मॅडम नव्या होत्या, मराठवाड्याकडून बदली होऊन आलेल्या. त्यांनी गुलाबकडे मान वर करून पाहिलंही नाही. सरकारी वकिलानं त्याला फितूर जाहीर केलं. रूपरावांनी जांभई दिली. गुलाब खाली उतरला आणि दाराशी जाऊन तंबाखू चोळायला लागला.

बंडूजींना वाटलं, आपण जे वाक्य तीन आठवडे मनात घोळवत होतो, तेच वाक्य हा गडी उष्टं करून गेला.

ते उभे राहिले. सरकारी वकील म्हणाला, "मॅडम, हे किराणा दुकानदार आहेत. गावात यांच्या शब्दाला मान आहे. कधी खोटं बोलत नाहीत, असं सगळे सांगतात."

मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली. चष्मा काढला. "असं का? मग काका, तुमच्याकडून तरी ते पाठ केलेलं ऐकवू नका. खरं काय ते सांगा."

बंडूजींनी कोर्टभर नजर फिरवली. आरोपीच्या जागी श्रावण उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, अगदी निर्धास्त. मागं प्रभाकररावांच्या चेहऱ्यावर आधीच हसू उमटलं होतं. आता बंडूजी पलटी मारणार आणि आपण ती बघणार. आणि समोर एक शिकलीसवरलेली बाई चष्मा काढून वाट बघत होती, की एवढ्या मोठ्या जिल्ह्यात एक तरी माणूस खरा निघतो का.

"हा पंचनामा तुमच्यासमोर झाला?" सरकारी वकिलानं विचारलं.

"हाव," बंडूजी म्हणाले.

प्रभाकररावांचं हसू तिथल्या तिथं मावळलं. रूपराव जांभई अर्धी सोडून सरळ बसले. खोटं बोलायला सराव लागतो म्हणतात. बंडूजींना अजिबात लागला नाही. साठ वर्षांची शिल्लक एकदम बाहेर पडली. कॅन किती होत्या, कुठं होत्या, झाकण उघडल्यावर वास कसा आला, सगळं सांगितलं. झाकणं निळी होती, हेसुद्धा सांगितलं. ते पंचनाम्यातही नव्हतं. रूपरावांना स्वतःलाच क्षणभर निळी झाकणं आठवल्यासारखी झाली.

विवेक उठला. त्याचा आवाज मात्र खरोखरीचा कापत होता. "काकाजी, तुम्ही दुकानातून हललाच नव्हता! मलाच सांगितलं होतं तुम्ही!"

"वकीलसाहेब," बंडूजी शांतपणे म्हणाले, "मी जन्मात खोटं बोललो नाई. इथं बसलेल्या कोनालेही इचारा."

विवेकनं मागं पाहिलं. निम्मं गाव बसलं होतं, पण यावर तोंड उघडायची कुणाची छाती झाली नाही. श्रावण फक्त बंडूजींकडे बघत राहिला, आणि बंडूजी मॅडमकडे बघत राहिले. मॅडमनी चष्मा परत घातला आणि स्वतःच्या हातानं काहीतरी लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. श्रावणला तीन महिन्यांची सजा आणि दंड. पण कायद्याचं मन मोठं असतं. अपील करतो म्हटल्यावर त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि दिवेलागणीच्या आत तो घरी आला.

गाव आधी बंडूजींवर चिडलं. रीत नाही, भात नाही, असा कुठं पंच असतो काय, म्हणून लोकांनी आठ दिवस तोंडं वाकडी केली. पण चिडतानाही प्रत्येक जण शेवटी म्हणायचा, "मानूस मात्र खरा, बावा." मग हळूहळू वेगळंच काही सुरू झालं. कॅन श्रावणच्या नाहीत, हे तीन वर्षं ज्या गावाला तोंडपाठ होतं, त्या गावाला आता शंका यायला लागली. बंडूजी म्हणतात तर असेल. आपल्यालाच नीट ठाऊक नसेल. ज्याच्या त्या कॅन होत्या तोसुद्धा एकदा पुलावरून येताना मान हलवून म्हणाला, "श्रावण असा निंगंन, वाटलं नोतं गड्या." श्रावणच्या दुकानासमोरून जाताना लोक गाडी ढकलत पुढच्या दुकानात न्यायला लागले. मोहाची दारू विकणाऱ्याकडे पंक्चर काढणं बरं दिसत नाही.

बंडूजींना मात्र बरं वाटत होतं. शेजारच्या गावचे लोकही आता वाद घेऊन पायरीवर येऊ लागले. सुलोचनाबाई त्यांच्याशी मोजकंच बोलायच्या. पण बायकांना काय, त्या कशावरूनही रुसतात, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

अशाच एका सकाळी, दहाच्या बसच्या आधी, नंदिनी दुकानात आली. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हाताला पाच वर्षांची आचल. प्रभाकरराव पेपर वाचत होते. आणखी दोघं तेल घ्यायला उभे होते.

"मायेरी चालली, काकाजी," ती म्हणाली. "म्हनलं तुमाले सांगून जावं. तुमच्यावर माहा काही राग नाई. मीच तुमाले खरं बोला म्हनलं होतं."

बंडूजी 'हं' म्हणाले.

"दारूचं मले काही वाटलं नाई. अर्धं गाव त्याच्यावर जगते. यायनं मले पयलेच सांगतलं असतं, हाव, डबे माये होते, तं मी चिप बसली असती. पन निकालाच्या दिवशी घरी आले आन् पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हने, माह्या पोरीची आन हाय, डबे माये नोते, बंडूजी खोटं बोलले." तिनं पिशवी खाली ठेवली. "कोर्टात तं सारेच शपथ घेते. त्याचं कोन काय धरते? पन पोटच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून जो मानूस खोटं बोलते, त्याच्या घरात मी पोर कशी ठेवू?"

तेलवाले दोघं च् च् करायला लागले. प्रभाकररावांनी पेपर खाली घेतला. बंडूजींना एकच वाक्य बोलायचं होतं. तेही खरं, म्हणजे त्यांच्या हातखंड्याचं. पण ते बोललं की पायरी रिकामी, शब्द फुकट, आणि तालुक्यात त्या मॅडमच्या कागदावर काय लिहिलं जाईल कोण जाणे.

"आचल, आजोबाच्या पाया पड," नंदिनी म्हणाली.

पोरगी वाकली. बंडूजींचा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. लहान मूल पाया पडलं की मोठ्या माणसाचा हात डोक्यावर जातो. हे कुणी शिकवत नाही आणि कुणी थांबवूही शकत नाही. केसांना नुकतंच तेल लावलेलं होतं. बोटांखाली डोकं कोमट लागत होतं.

"राग नोका मानू," नंदिनी म्हणाली, "मनाची शांती म्हनून एकडाव इचारते. तुमी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं होतं नं?"

प्रभाकरराव बघत होते. तेलवाले बघत होते. बंडूजींनी हात उचलायचा प्रयत्न केला. तो उचलला जाईना.

"पाह्यलं होतं," ते म्हणाले.

नंदिनीनं पदरानं डोळे पुसले आणि पिशवी उचलली. बाहेर बस येऊन उभी राहिली होती, कंडक्टर हाका मारत होता. आचल अजून वाकलेलीच होती. आशीर्वाद संपला की नाही हे तिला कळेना, कारण आजोबा काही हात काढत नव्हते. शेवटी आईनंच तिला दंडाला धरून ओढून घेतलं.